कालिओपीच्या नवऱ्याची हाडं

द हेगला लागून असलेल्या रायस्वाइकमधल्या त्या तीन मजली इमारतीत दोन बायका अडकून पडल्या होत्या. तळमजल्यावर कालिओपी, वय अठ्ठ्याहत्तर, आणि बरोबर तिच्या डोक्यावर निशिगंधा, वय अडतीस. तशी दोन हजार वीसच्या त्या मे महिन्यात सगळी दुनियाच अडकली होती म्हणा. पण बाकीचे निदान आपापल्या घरात अडकले होते. या दोघींची घरं भलतीकडेच राहिली होती.

कालिओपी आली होती दाढा करून घ्यायला. ग्रीसच्या पार टोकाला पेत्रूसा नावाचं एक खडकाळ बेट आहे, तिथे ती जन्मली, तिथेच तिचं लग्न झालं आणि तिथेच ती म्हातारी झाली. बेटावर दातांचा डॉक्टर नाही. तिचा मुलगा यानिस इकडे द हेगमध्ये छोटंसं ग्रीक हॉटेल चालवतो. त्यानं फेब्रुवारीत आईला तीन आठवड्यांसाठी आणलं. वरच्या दाढा झाल्या, खालच्या राहिल्या, आणि मार्चमध्ये डॉक्टर बंद, हॉटेल बंद, विमानं बंद. म्हातारी अर्ध्या तोंडानिशी अडकली ती अडकलीच.

निशिगंधाची गोष्ट वेगळी. अकरा वर्षांपूर्वी ती युट्रेख्टला शिकायला आली, मग नोकरी लागली, मग राहिलीच. सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत ती रिलीज मॅनेजर होती. म्हणजे कुठलं काम कोणत्या तारखेला किती वाजता संपलं असं जाहीर करायचं, ते ती ठरवायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण सत्तावीस मार्चला साताऱ्यात तिची आई, वसुधाबाई, झोपेतच गेली, तेव्हा तिच्या हातात काही म्हणजे काहीच उरलं नाही. टाळेबंदीचा तो तिसरा दिवस. धाकट्या भावानं, विवेकनं, माहुलीच्या घाटावरून फोन उभा धरून चिता दाखवली. एक मिनिट चाळीस सेकंद दिसली, मग रेंज गेली.

त्या दिवशी रडत रडत तिनं भावाकडे एकच मागितलं होतं. "विवेक, अस्थी सोडू नकोस रे. मी येते. मी आल्यावरच सोडू." विवेक म्हणाला होता, "ठेवतो, ताई."

बस, त्या एका वाक्यावर ती आठ आठवडे काढत होती. घाटाजवळच्या एका खोलीत, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं आईचं मडकं खुंटीला टांगलंय, असं विवेकनं सांगितलं होतं. सकाळी लॅपटॉप उघडताना ते मडकं तिच्या डोळ्यांसमोर असायचं आणि बंद करतानाही असायचं. भारतात अडकलेल्यांना नेणारी विमानं सुरू होणार, असं कळल्यावर तिनं दूतावासाच्या यादीत नाव घातलं. पण ती यादी जायची होती, परत यायची नव्हती. 'परत कधी येता येईल ते आम्हाला सांगता येत नाही आणि तुमची जागा किती दिवस ठेवता येईल तेही,' असं कंपनीनं अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. नोकरी गेली की इथे राहण्याचा परवाना गेला, आणि परवाना गेला की अकरा वर्षं गेली. तर ती रोज यादीत आपलं नाव आहे ना ते बघायची, आणि फोन आलाच तर काय सांगायचं याच धास्तीत असायची.

अशात खाली कालिओपीनं स्वयंपाकघरातली खुर्ची काढून इमारतीच्या दाराबाहेर मांडली.

सकाळी दहाला ती काळ्या कपड्यांत तिथे येऊन बसायची ती जेवणापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "कालिमेरा" म्हणायची, म्हणजे सुप्रभात. सायकलवाले वाऱ्यासारखे निघून जायचे, आणि म्हातारी त्यांच्या पाठीकडे बघून हात उडवायची, 'कुठे आग लागलीय?' अशा अर्थानं. या देशात सख्ख्या भावाकडे कॉफीला जायचं तरी पंधरा दिवस आधी डायरी काढावी लागते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ऊन वर आलं की ती कालव्याच्या कडेचं गवत उपसायला जायची. त्यातली रानटी पानं निवडून, चार पाण्यांतून धुऊन, उकडून त्यावर लिंबू पिळायची. इमारतीतले लोक खिडकीतून बघायचे, की बाई नगरपालिकेचं गवत खाते.

निशिगंधा एकदा त्याच कालव्याच्या बाकावर बसून रडत होती. घरात रडायची सोय नव्हती, घरात मीटिंगा होत्या. कालिओपी पदरासारखा एप्रन धरून, त्यात पानं घेऊन, समोर आली आणि दीड मीटरवर उभी राहिली. तेवढा नियम तिला पाठ होता. तिनं काही विचारलं नाही. तिथेच गवतावर बसून पानं निवडायला लागली आणि निशिगंधाचं रडणं आटपेपर्यंत निवडत राहिली. संध्याकाळी दारात झाकलेली ताटली होती. ती भाजी तोंडात घातल्यावर कडूजहर लागली, मग निशिगंधानं तिला लसणाची फोडणी दिली आणि उरलेली खाली नेऊन दिली. कालिओपीनं ती चाखली, मान हलवली आणि यानिसला काहीतरी सांगितलं. यानिस हसला. "आई म्हणते, पोरीला हात आहे. पण घाई आहे. लसूण जळलाय."

तिथून त्यांचं जमलं. हॉटेल बंद, त्यामुळे यानिसला दुसरा उद्योग नव्हता; तो दाराच्या चौकटीला टेकून दोघींच्या मध्ये दुभाष्याचं काम करायचा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत निशिगंधा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची, खुर्चीपासून बरोब्बर दीड मीटर.

पेत्रूसावर म्हणे बोट आठवड्यातून दोनदा येते, आणि वारा असला तर येत नाही. बोट आली नाही म्हणून कुणाचं तोंड वाकडं होत नाही. बंदरावर माणसं आलेलीच असतात, ती बसतात. दुकान एकच, तिथेच कॉफी मिळते, तिथेच टपाल येतं आणि दुकानदाराला लहर आली तर केसही कापून मिळतात. पाव भाजायची भट्टी गावात एक. शनिवारी पेटते, ज्या बाईची पाळी ती लाकडं आणते आणि बाकीच्या आपापलं पीठ घेऊन येऊन बसतात. पाव व्हायला लागतो एक तास, पण बायका बसतात चार.

"चार तास करतात काय?" निशिगंधानं विचारलं.

यानिसनं विचारून सांगितलं, "म्हणते, पाव भाजतात."

हे ऐकायला निशिगंधाला बरं वाटायचं, आणि वर जाऊन लॅपटॉप उघडला की त्याचाच राग यायचा. तिच्याकडे दिवसाचा प्रत्येक अर्धा तास कुणाच्या तरी नावावर होता. आणि तरी कुठे पोचत होती ती? चार भिंती, एक खिडकी, खिडकीतून एक कालवा. बेटावरची माणसं खडकावर अडकून मोकळी होती आणि ही एवढ्या मोठ्या खंडावर सुटी असून गुदमरत होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कालिओपीचा नूर बदलला. खुर्ची बाहेर येत होती, पण म्हातारी कुणाला काही म्हणत नव्हती. निशिगंधानं विचारलं, तेव्हा यानिस जरा अवघडला.

"तुला विचित्र वाटेल," तो म्हणाला. "आमच्याकडे मेलेला माणूस तीन वर्षं मातीत राहतो. मग त्याला बाहेर काढतात. म्हणजे हाडं. घरातल्या बाईनं ती आपल्या हातानं वाइननं धुवायची, पांढऱ्या चादरीवर उन्हात वाळत घालायची आणि पेटीत भरून चर्चजवळच्या खोलीत ठेवायची. बाबांना या महिन्यात तीन वर्षं झाली."

निशिगंधाच्या अंगावर काटा आला, पण पुढचं ऐकायची ओढही लागली.

"पाद्रीबुवांचा निरोप आलाय, जागा हवीय. स्मशानात एकोणीस थडगी मावतात, त्यापुढे खडक आहे. मिहालिस म्हणून एक म्हातारा आहे, त्र्याण्णव वर्षांचा, आता त्याचं काही खरं नाही. ते म्हणतात, आत्या धुवेल हाडं. आई ऐकत नाही."

कालिओपी मध्येच बोलायला लागली. स्वतःच्या डाव्या पायाची नडगी तिनं दोन ठिकाणी दाबून दाखवली.

"लेफ्तेरिसचं हे हाड दोन जागी मोडलं होतं," यानिस सांगू लागला. लेफ्तेरिस म्हणजे त्याचे वडील. "बोटीतून पडले होते. पावसाळी हवेत दुखायचं, तेव्हा आई तेल लावायची. चाळीस वर्षं. ती म्हणते, ते हाड हाताला लागलं की मला कळेल. नणंदेला काय कळणार?"

निशिगंधाला माहुलीच्या खोलीतलं मडकं आठवलं, आणि आदल्याच रविवारचा विवेकचा फोनही. खोलीवाला कटकट करतोय, विवेक म्हणाला होता. पाऊस तोंडावर आलाय, कृष्णेला पाणी आलं की घाटावर कुणी उतरू देत नाही. "ताई, आपण व्हिडिओवर करूया. तू तिकडून हात जोड. मी स्टँडपण आणलाय फोनला." ती आधी भांडली, मग रडली आणि मग हो म्हणाली. अमेरिकेतल्या आतेभावानं मुलाची मुंज व्हिडिओवर लावली होती, शेजारच्या झूटरमेर गावातल्या मैत्रिणीनं सत्यनारायण घातला होता. सगळं जग तसंच उरकत होतं. चोवीस मे, रविवार, सकाळी साडेसात, अशी वेळ ठरवून तिनं भावाला रीतसर निमंत्रणसुद्धा पाठवलं होतं. ते पाठवल्यापासून तिला नीट झोप लागलेली नव्हती.

आणि तरी ती यानिसला म्हणाली, "मी करून देते. व्हिडिओवर. शनिवारी करू. तुझ्या आईला सगळं स्वच्छ दिसेल."

का म्हणाली? मनात तिला ठाऊक होतं. आपण जे करणार आहोत ते आणखी कुणी केलं, आणि ते बरं झालं, म्हणजे आपल्यालाही ते बरं म्हणता येईल. रविवारच्या आधी शनिवारची रंगीत तालीमच म्हणा ना.

यानिसनं आईला सांगितलं. कालिओपीनं निशिगंधाकडे बराच वेळ पाहिलं आणि दोनच शब्द विचारले.

"बघून काय?" यानिस म्हणाला.

"सांग तिला, आता सगळे असंच करतात."

कालिओपीनं मान खाली घातली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही, आणि निशिगंधानं ते हो म्हणून लिहून घेतलं.

मग तिनं आपलं कसब पणाला लावलं. बेटावरच्या यानिसच्या चुलतभावाला, पानोसला, वेळापत्रक पाठवलं. नऊ पन्नासला फोन सुरू, दहाला पाद्रीबुवांची प्रार्थना, सव्वादहाला खणणं, अकराला धुणं. फोन कुठे ठेवायचा त्याचं चित्र काढून पाठवलं. शनिवारी साडेनऊला ती खाली हजर झाली, कोऱ्या मास्कमध्ये, लॅपटॉप घेऊन. कालिओपीनं केस विंचरून नवा काळा रुमाल बांधला होता. गुडघ्यांवर पांढरी चादर घडी करून ठेवली होती. ती चादर इथे कशाला, असं विचारायचं धाडस निशिगंधाला झालं नाही.

दहा वाजले. पडद्यावर एक भिंत दिसत होती, आणि भिंतीवर एक मांजर.

साडेदहाला पानोसचं तोंड दिसलं. तो म्हणाला, पाद्री अजून आलेला नाही, त्याची शेळी व्यायलीय. अकराला आत्या आली आणि कालिओपीशी दाढांबद्दल बोलायला लागली. वरच्या झाल्या का, खालच्या कधी, इथे चावता येतं का. सव्वाअकराला दोन पुरुष कुदळी घेऊन आले, कुदळी भिंतीला टेकवून सावलीत बसले. कुणीतरी कॉफी आणली. निशिगंधाच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. "यानिस, त्यांना सांग ना, आपण चाळीस... पंचाहत्तर मिनिटं मागे आहोत." यानिसनं ते सांगितलं की नाही देव जाणे. पडद्यातली माणसं निवांत होती. त्यांच्यामागे खाली समुद्र दिसत होता, आणि त्यावर एकही बोट नव्हती.

पाद्रीबुवा साडेबाराला आले. हात धुतले, गळ्यात प्रार्थनेचा पट्टा घातला आणि पुटपुटत प्रार्थना म्हटली. दोघा पुरुषांनी कुदळी उचलल्या. पानोसनं फोन थडग्याच्या इतका जवळ आणला की मातीतले खडे दिसायला लागले. पहिली कुदळ बसली आणि कालिओपी ताडकन उभी राहिली. चादर खाली पडली.

ती एकच शब्द बोलली. निशिगंधाला ग्रीक येत नव्हतं, पण तो समजायला भाषा लागत नव्हती.

कुदळ थांबली. पाद्रीबुवांचं तोंड फोनजवळ आलं आणि त्यांनी काहीतरी विचारलं. कालिओपी सावकाश, न रडता, बोलत राहिली. यानिस हळू आवाजात निशिगंधाला सांगत होता. "ती म्हणते, बंद करा. मी येईन तेव्हा काढा. पाद्री म्हणतायत, मिहालिसचं काय? जागा त्याच्यासाठी हवीय."

तेवढ्यात पडद्याच्या कडेनं एक काठी आत आली आणि काठीमागून एक वाळका म्हातारा. तो इतका वेळ तिथेच भिंतीच्या सावलीत कॉफी पीत बसला होता. हाच तो मिहालिस, ज्याच्यासाठी जागा करायची होती. आपलीच जागा कशी होते ते बघायला आला होता. तो फोनवर वाकला. बोळक्या तोंडानं त्यानं कालिओपीला दोन-तीन वाक्यं सांगितली आणि परत जाऊन बसला.

"काय म्हणाला?"

यानिसला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरले होते. "म्हणाला, तू ये गं सावकाश. मी थांबतो."

आणि झालं. कुणी कुणावर चिडलं नाही. एवढा दिवस फुकट गेला, असं कुणाला वाटलेलं दिसलं नाही. ज्यानं कुदळ मारली होती त्यानं उकरलेली मूठभर माती पायानं परत सारखी केली. आत्यानं आणलेली वाइन पुरुषांनी पेल्यांत ओतून घेतली. कालिओपी खाली बसली, चादरीची घडी परत नीट केली आणि पुन्हा दाढांविषयी बोलायला लागली.

निशिगंधा लॅपटॉप तिथेच ठेवून वर गेली. तिला आधी आला राग. चार तास, ते वेळापत्रक, ती चित्रं. मग दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं की हा राग नाही, हेवा आहे. तिथे एक मेलेला माणूस थांबला होता आणि एक मरायला टेकलेलाही थांबला होता, एका म्हातारीच्या दोन हातांसाठी. आणि ती स्वतः? एक खोलीवाला कटकट करतो म्हणून आईला साडेसातच्या मीटिंगमध्ये बसवून मोकळी होत होती. तिची तिलाच शरम वाटली. ते काही नाही, तिनं ठरवलं. नोकरी जाते तर जाऊ दे. दिवाळीला जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, पण आईला मीच सोडणार, या हातांनी.

रविवारी साडेसातला विवेक फोनच्या पडद्यावर आला. माहुलीचा घाट, अकराचं रणरणतं ऊन. तो अनवाणी, खालच्या पायरीवर, एकटाच. शेजारी मडकं, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. इतके दिवस मनात पाहिलेलं मडकं प्रत्यक्ष दिसल्यावर निशिगंधाचे हात आपोआप जोडले गेले.

"करू ना सुरू, ताई?" विवेकनं घाईनं विचारलं. "ऊन फार आहे."

"नको," ती म्हणाली. "विवेक, परत ने. मी येते. कधी ते माहीत नाही, पण मी येऊन सोडणार."

"ताई, आपलं ठरलंय ना?"

"ठरलं होतं. आता नाही."

"अगं, तो खोलीवाला ठेवून घेत नाही."

"नाव काय त्याचं? नंबर दे. मी बोलते त्याच्याशी."

"तू नको बोलूस."

"मग घरी ने. अंगणात टांग. मीराला चालत नसेल तर तिच्याशीही बोलते मी." मीरा म्हणजे विवेकची बायको.

"ताई, ऐक ना, हात जोड आणि होऊन जाऊ दे. माझ्यासाठी."

"का पण? एवढी कसली घाई झालीय तुला? आई आहे ती!"

विवेकनं मडक्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला, पुसतच बसला.

"ताई," तो म्हणाला, "त्यात आई नाहीये."

निशिगंधाला वाटलं, आवाज तुटला. तिनं परत विचारलं.

"आईला मी तिसऱ्या दिवशीच सोडलं. तिथे ठेवून घेत नव्हते कुणी. सगळे घाबरलेले. घ्या, सोडा आणि निघा. नाक्यावरच्या पोलिसानं अर्धा तास दिला होता. घरी नेतो म्हटलं तर गल्लीतले लोक... जाऊ दे. सोडलं. संध्याकाळी तुला सांगायलाच फोन केला होता. तू उचलल्या उचलल्या विचारलंस, ठेवल्यास ना रे? इतकी रडत होतीस. मी हो म्हणालो."

"खोली?"

"खोली नाही."

"मग हे काय आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "या मडक्यात काय आहे, विवेक?"

"बंबातली राख. चाळून घेतलीय."

घाटावर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, ते रायस्वाइकच्या खोलीत ऐकू येत होतं.

"मी हात जोडणार होते त्याला," ती म्हणाली.

"हो. मग तुझं झालं असतं, ताई. तू सुटली असतीस. आणि मीपण."

तिला त्या क्षणी भावाचा असा संताप आला की समोर असता तर तिनं त्याला मारलं असतं. आठ आठवडे! दर रविवारी तिनं विचारायचं, मडकं बरं आहे ना, फडकं ओलं नाही ना झालं, आणि यानं सांगायचं, बरं आहे, कोरडं आहे. जिच्यासाठी ती नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती, ती आई मार्चमध्येच कृष्णेतून निघून गेली होती. आता साताऱ्यात तिची वाट बघणारं काही नव्हतं. यादीतल्या नावाला अर्थ नव्हता. दिवाळीला जा नाही तर दहा वर्षांनी जा, सारखंच. खिडकीबाहेर कालवा होता, सायकली होत्या, आणि या सगळ्यातून बाहेर पडायला जे एक कारण होतं तेही गेलं होतं. तिचा अंगठा लाल बटणावर गेला.

विवेक पायरीवर खाली बसला होता. त्याचं डोकं पडद्याबाहेर गेलं होतं. दिसत होते नुसते गुडघे आणि त्यांवरचे दोन हात.

"मीरालापण सांगितलं नाही मी," गुडघ्यांमागून आवाज आला. "कुणालाच नाही."

अंगठा तिथेच थांबला. दर रविवारी आपण मडक्याचं विचारलं, हे तिला आठवलं. याला कधी काही विचारलं होतं का? तिनं आठ रविवार आठवून पाहिले. नव्हतं विचारलं.

"तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. एकालाच सोडत होते."

"सांग मला."

"काय?"

"ते सगळं. घरातून निघालास तिथपासून."

त्यानं सांगितलं, पण तो ते अहवाल दिल्यासारखं, चार वाक्यांत उरकायला लागला. सव्वासातला निघालो, आठला पोचलो, साडेनऊला परत. तिनं त्याला अडवलं. "असं नको. गाडीवर गेलास? रस्त्यात कोण भेटलं? पिशवी कुठली होती?" यानिसनं रात्री वर आणून दिलेल्या लॅपटॉपवर तिच्या कामाच्या सूचना वाजायला लागल्या, रविवार असूनही. तिनं लॅपटॉप मिटला आणि फोन उशीला टेकवून उभा केला.

मग विवेक सांगायला लागला. गाडी बाबांचीच घेतली, स्कूटर. पिशवी आईचीच, बाजाराची, निळी. घाटावरच्या माणसानं जवळ येऊ दिलं नाही, लांबूनच काठीनं दाखवलं, ते तुमचं. गरम होतं अजून, थोडं. दूध शिंपडायचं असतं, ते तो घरून विसरला होता, आणि दुकानं बंद होती. मग बाटलीतलं पाणीच शिंपडलं. त्यानं हातानं वेचलं, एकेक. किती वेळ लागला ते त्याला कळलं नाही, पोलिसाची अर्ध्या तासाची मुदत कधीच उलटून गेली होती. निशिगंधा मध्ये मध्ये विचारत होती, आणि तो आठवून आठवून उत्तर देत होता. ऊन त्याच्या गुडघ्यांवरून मडक्यावर गेलं आणि मडक्यावरून पुढे सरकलं.

"मग पाण्यात कुठून उतरलास?"

"इथूनच. ही शेवटची पायरी."

"पाणी किती होतं?"

"नव्हतंच गं फारसं. घोट्याएवढं. काठावर सोडलं असतं तर तिथेच राहिलं असतं सगळं, चिखलात. मग चपला काढल्या आणि आत गेलो. मध्यापर्यंत गेलो, धार होती तिथपर्यंत."

"गार होतं?"

"फार गार होतं, ताई," विवेक म्हणाला, आणि रडायला लागला.

तिनं त्याला गप्प केलं नाही. तो रडत असेपर्यंत ती फोनसमोर बसून राहिली.